दुखत नसलेली दाढ ट्रान्सप्लांटच्या आधी का काढायची?

इचलकरंजीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"माझ्या मिस्टरांना मल्टिपल मायलोमा आहे, वय 54. इंजेक्शनांनी आजार बराच आटोक्यात आला. आता पुढच्या महिन्यात पुण्यात त्यांच्याच स्टेम सेल वापरून ट्रान्सप्लांट करायचं ठरलंय. तपासण्यांमध्ये दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढायला आणि हिरड्या साफ करून घ्यायला सांगितलं. मिस्टर म्हणतात, आजार हाडांत आहे, दाढ कशाला काढायची? ती तर दुखतसुद्धा नाही. वॉर्डाबाहेर एक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, तोंड असं येतं की थुंकी गिळता येत नाही, आणि हे सगळं तोंडातल्या जंतूंमुळे होतं. मग आत्तापासूनच कडक माउथवॉशने सगळे जंतू मारून टाकले तर चालेल का? सासूबाई हळद-मध लावायला सांगतात. मिस्टरांना सकाळी मिशरी लागते. सासरे म्हणतात, असले प्रयोग आपल्या माणसावर नकोत. मोठ्या डॉक्टरांना एवढं सगळं विचारायची भीती वाटते."

ताई,

बाकीचं नंतर. आधी मिस्टरांची फाइल काढा आणि तिच्यात झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब हे नाव कुठे दिसतंय का ते बघा. मायलोमा हा हाडांच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर. त्यात हाडं ठिसूळ होतात, म्हणून बहुतेक रुग्णांना यातलं एखादं इंजेक्शन ठरावीक दिवसांनी देतात. औषध चांगलं आहे, पण ते चालू असताना दाढ काढली तर काही जणांची जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं आणि महिनोन्‌महिने त्रास देतं. म्हणून दाढ काढायची, की रूट कॅनाल करून राखायची, की इंजेक्शन काही काळ थांबवून मग काढायची, हे दातांच्या आणि रक्ताच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं. दातांचे डॉक्टर त्याच हॉस्पिटलातले असतील तर बहुधा त्यांनी फाइल पाहिली असेल. गावातल्या दवाखान्यात काढून घेणार असाल तर त्यांना हे माहीत असेलच असं धरून चालू नका. शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला झालं ते कागदावर लिहून न्या. फोन उद्याच करा, कारण दाढ काढायचीच ठरली तर जखम भरायला केमोच्या आधी निदान दहा ते चौदा दिवस हवेत, तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत डॉक्टर जास्तही मागतील. महिना पुरेसा आहे, पण त्यातला एक आठवडा घरातल्या वादात गेला तर तो पुरणार नाही.

आता मिस्टरांचा प्रश्न. त्यांची शंका रास्त आहे, तिचं नीट उत्तर मिळालं की ते स्वतःच खुर्चीत जाऊन बसतील.

त्यांना ट्रान्सप्लांटच्या एक-दोन दिवस आधी मेल्फलान नावाचं केमोचं औषध मोठ्या मात्रेत मिळेल. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 200 मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा, किडनी कमजोर असेल तर 140. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतं. मायलोमाच्या पेशी मरतात, पण हाडांमधल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही मरतात, आणि गालाच्या, ओठांच्या, जिभेखालच्या अस्तराच्या पेशीही. हे अस्तर एरवी आठवड्या-दोन आठवड्यांत नवं होत असतं. खालून नव्या पेशी येणं थांबलं की वरचा थर झिजत जातो आणि शेवटी उघडा पडतो. नेमक्या त्याच दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे वॉर्डात सगळे ज्यांना 'काउंट' म्हणतात त्या, जवळजवळ शून्यावर आलेल्या असतात.

म्हणजे वॉर्डाबाहेरच्या बाईंनी सांगितलेलं अर्धं बरोबर आहे. तोंड भयंकर येऊ शकतं हे खरं. पण जखम सुरू होते ती औषधामुळे, जंतूंमुळे नाही. जंतू नंतर येतात. आपल्या सगळ्यांच्या तोंडात ते आधीपासून असतातच. माणसांच्या तोंडात मिळून 700 च्या आसपास जाती सापडल्या आहेत. एरवी ते बांधाच्या पलीकडच्या पाण्यासारखे असतात, बांध फुटला की शेतात शिरतात. उघड्या जखमेवर त्यांचा थर बसतो, त्यांच्या पेशींच्या भिंतीचे तुकडे खालच्या थरात झिरपतात, तिथे आधीच पेटलेली सूज आणखी भडकते, आणि जखम खोल होते, रेंगाळते. पुढची पायरी त्याहून वाईट: काही जंतू थेट रक्तात उतरतात.

यातले सगळ्यात जास्त धास्ती वाटावी असे जंतू दिसायला अगदी गरीब आहेत. स्ट्रेप्टोकोकस मायटिस, स्ट्रेप्टोकोकस ओरॅलिस ही त्यांची नावं. तुमच्या-माझ्या तोंडात ते आयुष्यभर गुपचूप राहतात. पण काउंट शून्यावर असताना ते रक्तात गेले तर काही तासांत ताप, रक्तदाब घसरणं, फुप्फुसांत पाणी इथपर्यंत मजल जाऊ शकते.

आता न दुखणाऱ्या दाढेकडे या. किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू साठलेला असू शकतो आणि तो कित्येक वर्षं शांत राहू शकतो, कारण पांढऱ्या पेशींनी त्याला घेरून ठेवलेलं असतं. हिरड्यांच्या खोल खिशांचंही तसंच. तिथे हवा न लागणारे जंतू राहतात, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे. ट्रान्सप्लांटच्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात या जंतूचा आणि तोंडातल्या जखमांचा संबंध दिसून आला होता. घेरणाऱ्या पेशीच नाहीशा झाल्या की शांत दाढ शांत राहीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आणि त्या दिवसांत दाढ काढताही येत नाही: प्लेटलेट इतक्या खाली असतात की रक्त थांबणार नाही, जखम भरणार नाही. जे करायचं ते आत्ता, काउंट चांगले असताना. मिस्टरांना एवढंच सांगा, बाकी काही नको.

मग सगळे जंतू आधीच मारून टाकले तर? तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण बहुतेक घरांत हीच चूक होते. कडक माउथवॉश आणतात, जितकं जळजळेल तितकं चांगलं असं समजून दिवसातून सात-आठ वेळा वापरतात. नका करू. पहिलं कारण, अशा बऱ्याच माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, ते पातळ झालेलं अस्तर आणखी कोरडं करतं. दुसरं कारण जास्त खोल आहे. तोंडातल्या शेकडो जातींची आपसात दाटी असते आणि त्या दाटीमुळेच कोणा एकाला माजता येत नाही. ट्रान्सप्लांटच्या काळात अँटिबायोटिक्समुळे, बंद झालेल्या जेवणामुळे आणि आटलेल्या लाळेमुळे ही विविधता तशीही कमी होते आणि जागा मोकळी मिळालेल्या एखाद-दुसऱ्या जातीचं किंवा बुरशीचं फावतं. आपण वरून आणखी मारामारी केली तर त्यात भरच पडते. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश काही हॉस्पिटलं देतात. डॉक्टरांनी लिहून दिलं तर ते सांगतील तसं जरूर वापरा, पण दात घासल्यावर अर्ध्या तासाने. टूथपेस्टमधला फेस त्याचा परिणाम कमी करतो. आपल्या मनाने दुकानातून आणू नका.

जंतू संपवायचे नाहीत, त्यांचा साचलेला थर रोजच्या रोज काढून टाकायचा. हे काम ब्रशच करू शकतो, कोणतंही पाणी करू शकत नाही. लहान मुलांचा अगदी मऊ, लहान डोक्याचा ब्रश घ्या. घासण्याआधी तो मिनिटभर कोमट पाण्यात बुडवून ठेवला की आणखी मऊ होतो. सकाळी, रात्री आणि जमेल तर दुपारी जेवणानंतर. पेस्टचा पुदिना झोंबायला लागला की पेस्ट बंद, नुसत्या पाण्याने घासायचं. प्लेटलेट फार खाली गेल्या किंवा हिरड्यांतून रक्त यायला लागलं की नर्सला विचारून ब्रश बाजूला ठेवायचा आणि स्पंजच्या काडीने पुसायचं. दर हॉस्पिटलाची यासाठीची रेषा थोडी वेगळी असते, ती दाखल होतानाच विचारून ठेवा. कवळी किंवा काढता-घालता येणारा दात असेल तर तो त्या दिवसांत डबीतच.

गुळण्यांसाठी साधी कृती: उकळून कोमट केलेलं साधारण 250 मिलिलिटर पाणी, त्यात चहाच्या चमच्याने पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. दर तीन-चार तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर तोंडात अर्धा मिनिट खळखळवायचं आणि थुंकायचं, गिळायचं नाही. रोज नवं पाणी करायचं. रात्री लघवीला उठले की एक गुळणी तेव्हाही. यात औषध असं काही नाही, पण तोंड ओलं राहतं, चिकट लाळ सुटते आणि अन्नाचे कण निघून जातात.

आता अशी एक गोष्ट सांगते जी तुम्हाला वॉर्डाबाहेर कोणी सांगितली नसेल: बर्फ. मेल्फलान सलाइनमधून साधारण अर्ध्या तासात जातं आणि रक्तातून लवकर उतरतं. त्या वेळेत तोंडात बर्फ असला तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोचतं. एवढ्या साध्या उपायाने तोंड येण्याचं प्रमाण आणि जोर दोन्ही खरोखर कमी होतात. कॅन्सरच्या रुग्णांच्या आधार-उपचारांसाठी नियम घालून देणाऱ्या एमएएससीसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, मेल्फलानची मोठी मात्रा घेऊन स्वतःच्या पेशींचं ट्रान्सप्लांट करणाऱ्या रुग्णांसाठी बर्फाची शिफारस केली आहे. पण वेळ चुकवून चालत नाही. औषध सुरू होण्याआधी पाच मिनिटं बर्फ तोंडात हवा, औषध चालू असताना सलग हवा आणि संपल्यावरही साधारण अर्धा तास. मोठा खडा एका गालात धरून ठेवला तर दुसरा गाल, जिभेची खालची बाजू आणि ओठांची आतली बाजू कोरडीच राहते. बर्फ बारीक फोडलेला हवा, चमच्याने भरत राहायचा आणि जिभेने सगळीकडे फिरवायचा. दात शिवशिवतात, डोकं दुखतं, दहा मिनिटांनी माणूस कंटाळतो आणि "बास आता" म्हणतो. तिथे तुमचं काम आहे, वाटी हातात धरून बसायचं.

बर्फ कुठून येणार हे आदल्या दिवशी नर्सला विचारा. काही ठिकाणी वॉर्डात मिळतो, काही ठिकाणी नातेवाइकांना आणायला सांगतात. आणायचा असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याचा, झाकणाच्या स्वच्छ डब्यात. रसवंतीतला किंवा कोल्ड्रिंकच्या दुकानातला बर्फ त्या खोलीत जाता कामा नये. आणि शेजारच्या रुग्णाला बर्फ दिला नाही म्हणून आपल्यालाही नको असं समजू नका. त्याचं औषध वेगळं असेल, सगळ्या औषधांना बर्फ लागू पडत नाही. कमी शक्तीच्या लाल लेझरचा शेक तोंडातून देण्याची सोय काही केंद्रांत आहे, तिचीही शिफारस आहे. तुमच्याकडे आहे का, एवढं विचारून घ्या.

ज्या दिवशी मिस्टरांच्या आधी काढून ठेवलेल्या स्टेम सेल परत देतात तो दिवस शून्य. त्या दिवशी खोलीत लसणासारखा वास येईल, घाबरू नका. गोठवलेल्या पेशी ज्यात जपून ठेवतात त्या द्रवाचा तो वास. तोंड साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून हुळहुळायला लागतं आणि सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास त्रास कळसाला पोचतो. मग काउंट वर यायला लागतात आणि तोंड आश्चर्य वाटावं इतक्या लवकर भरून येतं. डॉक्टर याची 0 ते 4 अशी प्रतवारी करतात. व्रण असूनही घास खाता येतो तोवर 2, फक्त पातळ जातं तेव्हा 3, तोंडाने काहीच घेता येत नाही तेव्हा 4. रोज फेरीच्या वेळी तुम्ही "आज पेज गेली, खिमट नाही गेलं" असं सांगितलंत की डॉक्टरांना तिथल्या तिथे अंदाज येतो.

रोज एकदा टॉर्च घेऊन तोंड बघा. खालचा ओठ उलटवून आतली बाजू, दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जीभ वर उचलून खाली. पुसल्यावर निघणारे पांढरे दह्यासारखे ठिपके बुरशीचे असू शकतात. टाळूवर किंवा हिरड्यांवर बारीक फोडांचा पुंजका दिसला तर हर्पिसचा विषाणू जागा झाला असेल. तो लहानपणी शरीरात येऊन नसांमध्ये दबून बसलेला असतो. या दोन्हींवर आधीपासून गोळ्या चालू असतात. घसा दुखतो म्हणून मिस्टर त्या टाळत असतील तर लपवू नका, नर्सला सांगा, तेच औषध शिरेतून देता येतं.

वेदनेबद्दल एक विनंती. मॉर्फिनचं नाव निघालं की आपल्याकडे नातेवाइकांचा चेहरा पडतो, मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध अशी समजूत आहे. इथे तसं काहीही नाही. तोंडातल्या जखमांसाठी थोडे दिवस मॉर्फिन देणं हा या उपचाराचा मान्य भाग आहे, काउंट आले की ते कमी करत बंद करतात. दुखणं दाबलं तरच माणूस गुळण्या करतो, दोन घोट पितो, झोपतो. मिस्टर सोसत बसणाऱ्यांपैकी असतील तर त्यांच्या वतीने तुम्ही मागा.

ताप मात्र थांबत नाही आणि थांबायला वेळही देत नाही. काउंट कमी असताना 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट दिसलं की त्याच क्षणी नर्सला बोलवायचं. रक्ताची कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी, आणि अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. घरी सोडल्यावरही पहिले काही आठवडे हाच नियम.

सासूबाईंचा जीव तुटतोय म्हणून त्या सांगतात, त्यांना दुखवू नका. पण मध नको: तो कच्चा असतो, त्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते निरोगी माणसाला काही करत नाहीत, पण काउंट शून्यावर असलेल्याला करू शकतात. हळदीची पूडही निर्जंतुक नसते. कडुलिंबाची काडी, तुरटी, लवंगेचं तेल हेही नको. त्यांना काही करायचंच असेल तर मऊ भात, मुगाच्या डाळीचं बिनतिखटाचं वरण, रव्याची पातळ खीर, हे कोमट आणि ताजं करून देण्याचा हात त्यांचाच लागेल, हॉस्पिटलाने घरच्या डब्याला परवानगी दिली तर. दही-ताक आणि कच्ची कोशिंबीर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

मिशरीवर मी काही सवलत देणार नाही. भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे आणि रोज हिरडीवर घासली जाते, म्हणजे आपण ज्या जागा जपायच्या म्हणतोय नेमक्या त्याच जागांवर. हिरड्या सैल होतात, जखमा उशिरा भरतात, आणि ट्रान्सप्लांटच्या खोलीत ती मिळणार नाहीच. तिथे अचानक बंद होऊन चिडचिड, डोकेदुखी सुरू होण्यापेक्षा आत्ता सोडलेली बरी. सकाळचं पोट साफ होणं मिशरीवर अवलंबून आहे अशी बहुतेकांची तक्रार असते. ती डॉक्टरांना सांगा, त्यावर साधं औषध आहे. तलफेसाठी निकोटिनची गोळी द्यावी का, हेही त्यांनाच ठरवू द्या. आणि सासूबाई लावत असतील तर डबी घरात समोर राहणार नाही एवढं बघा.

सासऱ्यांना सांगा, हा प्रयोग नाही. 1983 साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. मायलोमात स्वतःच्याच पेशी परत देतात, त्यामुळे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करण्याचा धोका तुमच्या मिस्टरांना नाही. ज्या वाचकांच्या घरात दात्याकडून ट्रान्सप्लांट झालं आहे त्यांनी मात्र काही महिन्यांनी गालांच्या आत पांढऱ्या जाळीसारख्या रेषा दिसल्या, तोंड कोरडं पडलं किंवा साधं वरणही झोंबायला लागलं तर ते 'तोंड आलंय' म्हणून सोडून देऊ नये, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दाखवावं.

डॉक्टरांना विचारायची भीती वाटते म्हणालात. वहीच्या एका पानावर चार ओळी लिहा: हाडांचं इंजेक्शन आणि दाढ, बर्फाची सोय, ब्रश कधी थांबवायचा, दुखलं तर काय देणार. पान त्यांच्यासमोर ठेवा. हे चार प्रश्न आले की समोरचा डॉक्टर खूश होतो, रागावत नाही.

घरी आल्यावर एक-दोन महिने मिस्टरांना चव लागणार नाही. भाजी मातीसारखी, पाणी कडू लागेल, ताट सरकवून देतील. तुमच्या हाताचा काही दोष नसेल. व्रण पूर्ण भरलेले असतील तर थोडा लिंबाचा रस, कोकम, पुदिना चालतो का बघा. थंड पदार्थ गरमपेक्षा बरे लागतात. तिखट हळूहळू वाढवा. दातांची राहिलेली कामं, फिलिंग, सफाई, ट्रान्सप्लांटचे डॉक्टर सांगतील तेव्हाच, बहुधा काही महिन्यांनी. आणि ज्या जागची दाढ काढली असेल ती जागा पहिल्या तपासणीत मुद्दाम दाखवून घ्या. हाड टोचतंय, हिरडी बंद झाली नाही, पू येतोय असं वाटलं तर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.